मत कोणाला द्यायचं हे अशदोदहून कसं ठरणार?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून):

ताई, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. माहेर ठाण्याचं, लग्नानंतर अमेरिकेत आले, आता न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहते, सिटिझनशिप घेऊनही बरीच वर्षं झाली. मोठा भाऊ इस्रायलमध्ये अशदोदला असतो, त्याचा मुलगा आर्मीच्या रिझर्व्हमध्ये आहे. आमच्या भागात काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) सीटसाठी प्रायमरी, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आहे आणि घरभाडं, हेल्थ इन्शुरन्स या बाबतीत मला जो उमेदवार पटतो तो म्हणतो की इस्रायलला देतो त्या मदतीला अटी घाला. दादा फोनवर म्हणाला, त्याला मत दिलंस तर माझ्या पोराच्या विरोधात दिलंस असं समजेन. उलट कॉलेजातला माझा मुलगा म्हणतो, दुसऱ्याला दिलंस तर मी पेसाहच्या सणाला घरी येणार नाही. ऑफिसमध्ये एक बाई सहज बोलून गेली, तुमचं काय, तुमचं मत तर ठरलेलंच असणार. सिटिझनशिपच्या शपथेत मी परक्या देशाची निष्ठा सोडते असं म्हटलं होतं, मग इस्रायलचा विचार करून मत दिलं तर ती शपथ मोडते का? बाबा ठाण्यात नळाला पाणी कोण आणतो ते बघून मत द्यायचे, आमच्या घरात यावरून कधी भांडण झालं नाही. ज्यू माणसाने मत देताना इस्रायल बघायचा की जिथे राहतो तो देश?
— क्वीन्सची एक वाचक

आधी उत्तर देऊन टाकते, बाकीचं मग बोलू. इस्रायलबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मत देताना मनात असणारच, सख्खा भाऊ तिथे आहे, आणि ते असण्यात काहीच चूक नाही. पण तुमचं मत म्हणजे तुमच्या निष्ठेचा पुरावा आहे आणि तो आम्हाला दाखव असं कोणी म्हणत असेल, मग तो दादा असो, तुमचा मुलगा असो, ऑफिसातली बाई असो नाहीतर देशाचा राष्ट्राध्यक्ष असो, तर तो दाखवायला तुम्ही बांधील नाही. तुमच्यावर दोन बाजूंनी दोन वेगळी प्रेशर येतायत असं तुम्हाला वाटतंय, पण मला पत्रात एकच मागणी तीन तोंडांनी केलेली दिसतेय.

दादाचं आधी घेते कारण तिथे जीव अडकलाय. अशदोद गाझापासून किती जवळ आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं, तिथे सायरन वाजला की शेल्टर गाठायला मिनिटसुद्धा मिळत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला साधारण १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं, आणि ज्या बापाचा मुलगा त्यानंतर युनिफॉर्म घालून गेला त्या बापाला तुमच्या क्वीन्सच्या घरभाड्याचं काय पडलंय, त्याला फक्त एवढंच दिसतं की बहीण कोणाच्या बाजूने उभी आहे. तुमच्या मुलाला गाझातली मुलं दिसतायत, हजारोंनी मेलेली, उपाशी राहिलेली, आणि तेही खरं आहे, कॉलेजातलं खूळ म्हणून ते झटकू नका. दोघांचं दुःख खरं आहे पण दोघंही ते तुमच्या मतपत्रिकेवर आणून ठेवतायत, जणू तुम्ही एका नावापुढचा गोल भरला की कोणाचा तरी जीव वाचणार किंवा जाणार आहे. काँग्रेसच्या एका सीटच्या प्रायमरीत एवढी ताकद नसते हो.

बाबांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही ठाण्यात वाढलात तो काळ आठवा. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली खरी पण पूर्ण राजनैतिक संबंध सुरू व्हायला १९९२ चा जानेवारी उजाडला, आणि मधल्या काळात १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये यूएनमध्ये झायोनिझम (ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं हा विचार) म्हणजे वंशवाद असा ठराव आला तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं (१९९१ मध्ये तो ठराव रद्द करताना मात्र भारत रद्द करणाऱ्यांच्या बाजूने होता). त्या सगळ्या वर्षांत ठाणे, अलिबाग, पेण, पनवेलची बेने इस्रायल घरं एकेक करून रिकामी होत होती, कोणाचा काका इस्रायलमध्ये लोदला, कोणाची मावशी दिमोनाला, आणि जी माणसं मागे राहिली ती शनिवारी सिनेगॉगला जात होती आणि मतदानाच्या दिवशी शाळेतल्या बूथवर रांगेत उभी राहत होती. त्यांना इस्रायलची काळजी नव्हती असं कोणी म्हणेल का? दिल्लीने यूएनमध्ये इस्रायलच्या विरोधात हात वर केला म्हणून तुमच्या बाबांनी पाण्याचा प्रश्न सोडून त्यावर मत द्यायला हवं होतं, नाही दिलं म्हणजे ते कमी ज्यू ठरले, असं दादा आज म्हणेल का? विचारून बघा त्याला, भांडण म्हणून नाही, खरंच विचारा. आणि समाजाला स्वतःसाठी काही हवं होतं, म्हणजे अल्पसंख्याक दर्जा, तेव्हा तो मागितला महाराष्ट्र सरकारकडे आणि २०१६ मध्ये मिळवला, कारण जिथे राहतो तिथल्या सरकारकडेच माणूस हक्काने मागतो.

आता ती ऑफिसातली बाई. तिच्या मनात वाईट नसेलही, पण ती जे बोलली ते फार जुनं आहे आणि त्याने ज्यू लोकांचं फार नुकसान केलंय. आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा म्हणून जे नाव पाठ करायला लावलं तो एडविन माँटेग्यू ज्यू होता, आणि १९१७ मध्ये भारतमंत्री असताना ब्रिटिश कॅबिनेटमध्ये तो एकटा ज्यू, आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर व्हावं याला ब्रिटनचा पाठिंबा देणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला कॅबिनेटमध्ये सगळ्यात जोराने विरोध करणाराही तोच. त्याची भीती अशी की पॅलेस्टाईनला ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हटलं की इंग्लंडमधल्या, फ्रान्समधल्या, सगळीकडच्या ज्यूंना लोक सांगायला लागतील, जा की तुमच्या देशात. जाहीरनामा निघाला, पण त्यात शेवटी एक वाक्य घातलं गेलं की इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि राजकीय दर्जाला यामुळे धक्का लागणार नाही. म्हणजे इस्रायल जन्मायच्या एकतीस वर्षं आधीच तुमचा हा प्रश्न लंडनच्या टेबलावर होता. मी माँटेग्यूशी सगळं सहमत नाही, पुढे युरोपात जे झालं ते बघता ज्यूंना स्वतःची जागा नकोच होती असं म्हणायची माझी हिंमत नाही, पण त्याची ती एक भीती बरोबर होती.

आणि इस्रायल झाल्यावर खुद्द बेन-गुरियन यांना यावर बोलावं लागलं. अमेरिकन ज्यू कमिटीचे जेकब ब्लॉस्टाइन १९५० च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमला गेले होते तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांनी जाहीरपणे सांगितलं की अमेरिकेतल्या ज्यूंची राजकीय बांधिलकी एकच आणि ती अमेरिकेशी, इस्रायलशी त्यांची कसलीही राजकीय निष्ठा लागत नाही. इस्रायलचा पहिला पंतप्रधान जे मागत नव्हता ते आज दादा तुमच्याकडे मागतोय. हे त्याला सांगताना मात्र जपून सांगा, टोमणा वाटला तर फोन ठेवून देईल.

खरं सांगायचं तर दादाला दोष देण्याआधी मला राग येतो तो अमेरिकेतल्या मोठ्या नेत्यांचा, कारण त्यांनीच हे घराघरात आणलं. २०१९ हे एकच वर्ष बघा. फेब्रुवारीत काँग्रेसच्या सदस्य इल्हान ओमर म्हणाल्या की या देशात दुसऱ्या देशाशी निष्ठा ठेवायला लावणारा राजकीय प्रभाव आहे, त्यावर केवढा गदारोळ झाला. एप्रिलमध्ये ट्रम्प अमेरिकन ज्यूंच्याच एका सभेत नेतन्याहूंना तुमचे पंतप्रधान म्हणाले, आणि ऑगस्टमध्ये म्हणाले की डेमोक्रॅट्सना मत देणाऱ्या ज्यूंना एकतर काही कळत नाही नाहीतर ते मोठी बेइमानी करतायत. एकीकडून संशय की तुमची निष्ठा तिकडे आहे, दुसरीकडून तक्रार की तुमची निष्ठा तिकडे पुरेशी नाही, आणि मध्ये तुमच्यासारखी बाई जिला ग्रोसरी आणि इन्शुरन्सचं बिल भरायचंय. दोन्हीत गृहीत एकच धरलेलं, की ज्यू माणूस मत देतो ते इस्रायल बघून.

आणि हे गृहीतच खोटं आहे. एकगठ्ठा मतं हा शब्द आपल्याकडे कोणत्याही छोट्या समाजाला लावतात आणि बहुतेक वेळा तो बाहेरून बघणाऱ्यांचा आळस असतो. प्यू रिसर्चने २०२० मध्ये अमेरिकन ज्यूंचा मोठा सर्व्हे केला होता, त्यात साधारण दहातले सात डेमोक्रॅट्सकडे झुकणारे निघाले, पण ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या, ज्यूंमध्ये उलट, पंच्याहत्तर टक्के रिपब्लिकन. इस्रायलची काळजी असणं हा ज्यू असण्याचा अत्यावश्यक भाग आहे असं ४५ टक्के म्हणाले, ३७ टक्के म्हणाले महत्त्वाचं आहे पण अत्यावश्यक नाही. म्हणजे आठ दशांशांहून जास्त लोकांना काळजी आहे आणि तरी मतं इतकी वेगवेगळी. अहो, इस्रायलमध्ये राहणारेच इस्रायलसाठी काय चांगलं यावर एकमत करू शकत नाहीत, २०१९ ते २०२२ मध्ये पाच निवडणुका झाल्या तिथे, २०२३ मध्ये दर शनिवारी संध्याकाळी तेल अवीवच्या रस्त्यावर सरकारच्या विरोधात माणसांचा पूर. मग क्वीन्समध्ये बसून इस्रायलशी निष्ठा ठेवायची म्हणजे नक्की त्यातल्या कोणाशी?

शपथेचं विचारलंत. नाही, ती मोडत नाही. शपथेत तुम्ही परक्या सरकारची निष्ठा सोडलीत, भाऊ नाही सोडला, आणि मतदान करताना काय विचार करायचा यावर शपथेत एक अक्षर नाही. बायस अफ्रोयिम नावाचा एक चित्रकार होता, पोलंडमध्ये जन्मलेला, १९२६ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. तो १९५० मध्ये इस्रायलला गेला आणि १९५१ मध्ये तिथल्या क्नेसेटच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकीत त्याने चक्क मत दिलं. पुढे पासपोर्ट रिन्यू करायला गेला तर अमेरिकेच्या स्टेट डिपार्टमेंटने सांगितलं की परक्या निवडणुकीत मत दिलंस, तुझं नागरिकत्व गेलं. तो कोर्टात गेला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९६७ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल त्याच्या बाजूने लागला की नागरिकाने स्वतःहून सोडल्याशिवाय सरकार नागरिकत्व काढून घेऊ शकत नाही. परक्या देशात मत दिलेल्या माणसाचं नागरिकत्व टिकलं, आणि तुम्ही तर स्वतःच्या देशात मत देताना भावाची आठवण आली म्हणून घाबरताय.

आता खरा कामाचा भाग. निवडणूक कसली आहे ते बघा. न्यूयॉर्कच्या मेयरच्या २०२५ च्या प्रायमरीत टीव्हीवरच्या डिबेटमध्ये उमेदवारांना विचारलं होतं की पहिला परदेश दौरा कुठे करणार, काहींनी इस्रायल सांगितलं आणि ममदानी म्हणाले मी शहरातच थांबेन, त्यावर पुढे महिनोन्‌महिने चर्चा झाली. मेयर कचरा, बस, शाळा, पोलिस बघतो, त्याच्या टेबलावर परराष्ट्र धोरण येतच नाही, तिथे या प्रश्नावर मत देणं मला पटत नाही. काँग्रेसचं तसं नाही. इस्रायलला २०१९ पासून दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर्स लष्करी मदत द्यायचा करार २०१६ मध्ये ओबामांच्या काळात झाला, आणि दर वर्षीचे ते पैसे काँग्रेस मंजूर करते, तुमच्या टॅक्समधून. त्यामुळे मदतीला अटी असाव्यात की नाही हा तुमच्या उमेदवाराला विचारण्याचा अगदी रास्त प्रश्न आहे आणि त्यावर तुमचं जे मत असेल ते बिनधास्त मोजा, फक्त ते अमेरिकन करदाती म्हणून मोजा, की या पैशाने काय व्हावं, काय होऊ नये, कोण सुरक्षित होईल, युद्ध थांबेल की लांबेल. अटी घाला म्हणणारा प्रत्येक जण इस्रायलचा शत्रू नसतो, नका घालू म्हणणाऱ्या प्रत्येकाला गाझातल्या लेकरांची पर्वा नसते असंही नाही. याचं वजन किती धरायचं ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर ते धरलं असतं पण घरभाडं आणि इन्शुरन्सच्या वर चढू दिलं नसतं, कारण त्या दोन गोष्टींवर तुमचा खासदार जेवढं करू शकतो तेवढं मिडल ईस्टवर करू शकत नाही. पैसे ओतणाऱ्यांनाही हे कळतं, २०२४ मध्ये ब्रॉन्क्स आणि वेस्टचेस्टरच्या सीटवर जमाल बोमन यांना पाडायला एआयपॅक या इस्रायलच्या बाजूने लॉबिंग करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या गटाने कोटी डॉलर्सच्या वर खर्च केला पण त्यांच्या जाहिरातींमध्ये मुख्य विषय इस्रायल नव्हता, बोमन यांनी इथल्या बिलांवर कशी मतं दिली हा होता.

एक गोष्ट मात्र यात मिसळू देऊ नका आणि ती म्हणजे तुमची इथली सुरक्षितता. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ मध्ये प्रार्थनेला आलेली अकरा माणसं मारली गेली. त्याचा मदत, अटी, नेतन्याहू कशाशी संबंध नाही, तो अमेरिकेतला प्रश्न आहे. सिनेगॉगला गार्ड आणि कॅमेरे लावायला जी सरकारी ग्रँट मिळते तिच्यावर उमेदवाराचं म्हणणं काय, इस्रायलवरचा राग रस्त्यातल्या ज्यू माणसावर काढणाऱ्यांबद्दल तो स्पष्ट बोलतो का की गुळमुळीत बोलून पुढे जातो, हे नक्की तपासा. इथे तो कमी पडला तर घरभाड्यावर कितीही चांगला असला तरी मी त्याला मत देणार नाही. ज्यू म्हणून मत द्यायचंच असेल तर त्यासाठी ही जागा आहे, आणि इथे तुमचा दादा आणि मुलगा दोघंही तुमच्याशी सहमत होतील.

दादाशी बोलताना मदतीचे आकडे काढू नका. त्याला १९६४ ची आठवण करून द्या. इस्रायलच्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) १९६२ मध्ये आदेश काढला होता की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा, म्हणजे हे लोक पुरेसे ज्यू आहेत की नाही याची खात्री करा. कोकणातून सगळं सोडून गेलेल्या माणसांना हे ऐकावं लागलं! त्यांनी मुकाट्याने ऐकलं नाही, निदर्शनं केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, शेवटी १९६४ च्या उन्हाळ्यात पंतप्रधान एश्कोल यांच्या सरकारने आणि क्नेसेटने त्यांची बाजू घेतली आणि रब्बींना आदेशातून बेने इस्रायलचं नाव काढावं लागलं. आपल्याच माणसांनी त्या देशाच्या सत्तेसमोर उभं राहून नाही म्हटलं आणि तरी ती तिथलीच राहिली, सैन्यात गेली, मराठीत मायबोली नावाचं नियतकालिक काढत आली. तेव्हा सरकारशी मतभेद म्हणजे भाच्याशी वैर नाही हे दादाला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असायला हवं. आणि मग राजकारण सोडून भाच्याचं विचारा, तो कुठे आहे, झोपतो का, घरी कधी येणार, दर आठवड्याला विचारा. त्याला बहिणीकडून मत नकोय, त्याला हे हवंय असा माझा अंदाज आहे.

मुलाला मात्र थोडं कडक बोला. आईच्या मतावर पेसाहचं जेवण टांगणं ही तीच जबरदस्ती आहे जी तो मामाची म्हणून नाकारतोय. गाझाबद्दल त्याला जे वाटतं ते त्याने तुम्हाला बसून सांगावं, तुम्ही ऐका, पूर्ण ऐका, त्याचं काही पटलं तर मत बदलायलाही हरकत नाही, पण ते पटलं म्हणून बदला, तो जेवायला यावा म्हणून नको. आणि त्याचं ताट मांडून ठेवा, तो काहीही बोलला तरी.

त्या ऑफिसातल्या बाईला पुन्हा विषय निघाला तर शांतपणे एवढंच विचारा की माझं मत ठरलेलं आहे असं तुला का वाटलं. उत्तर देताना तिला स्वतःलाच ऐकू येईल ती काय बोलली ते, नाही आलं तर तुमचं काही गेलं नाही. कोणाला मत दिलंत हे तिला काय, दादाला किंवा मुलालासुद्धा सांगायची गरज नाही, मतदान गुप्त आहे ते याच कारणासाठी.

आणि हो, न्यूयॉर्कच्या प्रायमरीत फक्त त्या त्या पार्टीत नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं, आणि पार्टी बदलायची मुदत निवडणुकीच्या बरीच आधी संपते. तुमचं रजिस्ट्रेशन कुठल्या पार्टीत आहे ते आजच बघून घ्या.